अठरा फुटी हिममानवाचे घोटे

ठाण्यात पाचपाखाडीतल्या एका मध्यम आकाराच्या गणेशोत्सव मंडळाने त्या वर्षी हिमालयाचा देखावा ठरवला होता. कापसाच्या बर्फात गुहा, गुहेच्या तोंडाशी उभा हिममानव आणि बाजूला माहितीचा फलक. फलक महत्त्वाचा, कारण देखाव्याच्या स्पर्धेचे परीक्षक हल्ली तोही वाचतात. मी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते आणि मंडळातली काही पोरं माझ्याच वर्गातली, त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडलं. सचिवांची मागणी एका वाक्याची होती: "मॅडम, तुम्ही फक्त तो किती फुटांचा ते सांगा, बाकीचं आम्ही लिहितो."

खरं तर त्यांचे फूट ठरलेले होते. अठरा. माझी फक्त सही हवी होती.

अठराचा उगम असा. भारतीय लष्कराने २९ एप्रिल २०१९ रोजी ट्विटरवर काही छायाचित्रं टाकली होती. ९ एप्रिलला नेपाळमध्ये मकालू बेस कॅम्पजवळ लष्कराच्या गिर्यारोहण पथकाला बर्फात ३२ इंच लांब, १५ इंच रुंद पाऊलखुणा दिसल्या आणि त्या हिममानवाच्या असाव्यात, असं त्यात म्हटलं होतं. देशभर थट्टा झाली. नेपाळी सैन्याच्या बाजूने सांगण्यात आलं की स्थानिक लोक आणि हमाल हे ठसे अस्वलाचे म्हणतात. पण पोरांच्या डोक्यात ३२ इंच पक्के बसले. माणसाचं पाऊल उंचीच्या साधारण १५ टक्के असतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं. ३२ भागिले ०.१५ म्हणजे २१३ इंच, म्हणजे १७ फूट ९ इंच. वर तीन इंच दक्षिणा घालून अठरा केले.

गणित चोख होतं. मी त्यांना तेच गणित दुसऱ्या ठशावर करायला सांगितलं. १९५१ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी मेनलुंग हिमनदीवर काढलेलं, शेजारी बर्फाची कुऱ्हाड ठेवलेलं छायाचित्र हिममानवाच्या साऱ्या पुराव्यात सगळ्यात गाजलेलं आहे. तो ठसा साधारण १३ इंचांचा. उत्तर आलं ८७ इंच, सव्वासात फूट. एकच सूत्र, एकच पर्वतरांग, आणि एक प्राणी दुसऱ्याच्या अडीचपट! बर्फातला ठसा ऊन लागलं की कडांनी वितळतो आणि पसरतो. शिवाय अस्वल चालताना मागचा पंजा पुढच्या पंजाच्या खुणेवर किंवा तिला लागून टाकतं, मग दोन ठशांचा मिळून एक लांबलचक ठसा होतो. ठशावरून उंची काढायची तर आधी तो कधी उमटला आणि त्यावर किती ऊन पडलं हे माहीत हवं.

सचिवांना हे पटलं नाही. "लष्कराचा आकडा आहे" हा त्यांचा हुकमाचा एक्का होता. म्हणून मी वाद तिथेच थांबवला. ठीक आहे, अठरा फूट धरू. मग त्या प्राण्याला काय काय लागेल तेही धरू.

कळव्याची शेड

या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी जीवशास्त्राचा धडा मला देखावा बनवणाऱ्या कारागिराकडून मिळाला. त्याची शेड कळव्याला. २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोल गेला, आता लोखंडी पाइपचा सांगाडा, वर बांबूच्या कामट्या, पुठ्ठा, कागदाचा लगदा आणि शेवटी फरचं कापड असं काम चालतं. मंडळाने त्याला एका बलदंड माणसाचं चित्र दिलं होतं आणि 'हे अठरा फूट कर' म्हणून सांगितलं होतं. त्याने जमिनीवर खडूने आकृती काढली होती, पण पाय चित्राबरहुकूम नव्हते. घोटे चांगलेच जाड काढलेले.

सचिव चिडले. "हे हत्तीचे पाय झाले."

कारागीर माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, उंची दुप्पट केली की कापड चौपट लागतं आणि माल आठपट. वरचं वजन आठपट झालं, पण घोट्याची जाडी चित्राप्रमाणे दुप्पटच ठेवली तर पाइप वाकणार. विसर्जनाच्या आधी हा स्वतःच बसणार खाली."

त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. शेडमध्ये पडलेल्या आकृत्यांनी शिकवलं होतं. गॅलिलिओने १६३८ मध्ये छापलेल्या ग्रंथात याच मुद्द्यासाठी दोन हाडं शेजारी शेजारी काढून दाखवली आहेत: एक नेहमीचं आणि दुसरं तिप्पट लांबीचं, तेच काम करायचं म्हणून बेढब जाड झालेलं. आमचा हिममानवही माणसाच्या जवळपास तिप्पटच होता. १७० सेंटिमीटरच्या माणसाशी ५४१ सेंटिमीटरचं (म्हणजे पोरांच्या १७ फूट ९ इंचांचं) गुणोत्तर ३.१८ येतं.

त्यावरून फळ्यावर जे मांडलं ते असं. उंची ३.१८ पट झाली की हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ दहापट होतं आणि वजन बत्तीसपट. ७० किलोचा माणूस सव्वादोन टनांचा होतो. गोरिलाचा बांधा धरला, म्हणजे १७० सेंटिमीटर उंचीला १७० किलो, तर जवळजवळ साडेपाच टन. थोराड नर हत्ती साधारण चार टनांचा असतो आणि तो चार खांबांवर उभा राहतो. आमच्या पाहुण्याला दोनच.

मग तो उभाच राहू शकत नाही का? राहतो. इथे घाईने 'अशक्य' म्हणायचा मोह होतो, तो टाळावा. हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार ३.२ पट वाढतो आणि तेवढ्याने हाड मोडत नाही. मुद्दा शिलकीचा आहे. सस्तन प्राण्यांची लांब हाडं धावताना किंवा उडी मारताना जो ताण सोसतात, त्याच्या साधारण दुप्पट ते चौपट ताणाला मोडतात. निसर्गाने एवढी शिल्लक गाठीला ठेवलेली असते. अठरा फुट्या ती नुसतं मोठं होण्यातच खर्चून बसतो. तो सपाटीवर जपून चालेल, पण मकालूच्या उतारावर एकदा पाय घसरला की संपलं. माणसाइतकीच शिल्लक हवी तर हाडांची जाडी ३.२ पट करून भागत नाही, साधारण ५.७ पट लागते. २२ सेंटिमीटर घेराचा घोटा नुसता मोठा केला तर ७० सेंटिमीटरचा होतो. खरा लागतो सव्वाशे सेंटिमीटरचा. कारागिराने अंदाजाने खडू फिरवला होता तो याच दिशेने.

ठाण्यात हे समजवायला दहीहंडी पुरते. वर एक थर वाढवायचा म्हटलं की तळाला फक्त एक गडी वाढवून चालत नाही, सगळा पाया रुंदवावा लागतो.

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ च्या एका निबंधात साठ फुटी राक्षसाचा हिशोब मांडला होता. उंची दहापट, वजन हजारपट, हाडाचा छेद शंभरपट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर दहापट भार. मांडीचं हाड साधारण तेवढ्यालाच मोडतं, म्हणजे राक्षसाचं पहिलं पाऊल हेच शेवटचं. हे हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आपल्या पाठ्यपुस्तकांत ते ओपॅरिनच्या जोडीने जीवसृष्टीच्या उगमाच्या धड्यापुरते येतात आणि मुलं दोन गुणांपुरती त्यांना ओळखतात. या निबंधासाठी ओळखली असती तर जास्त मजा आली असती.

बारावीतल्या एकाने इथे बरोबर नस पकडली. "मॅडम, टी-रेक्स? तो दोन पायांवरच होता आणि सात-आठ टनांचा." आक्षेप खणखणीत आहे. दोन पायांवर टनावारी वजन पेलता येतं, हे टी-रेक्सने दाखवूनच दिलं आहे. पण त्याचा आराखडा पाहा. धड आडवं, कमरेवर तोललेलं. मागे जड शेपूट, पुढे डोकं. पाठीच्या मणक्यांत हवेच्या पोकळ्या. वानराकडे यातलं काहीच नाही. शेपूट तर वानरकुळाने केव्हाच टाकून दिली. त्याचं धड उभं, सगळा भार कंबर आणि गुडघ्यांवर, आणि ही दोन ठिकाणं माणसाच्या मापातही कशी कुरकुरतात ते ठाणे स्टेशनचा पूल रोज चढणाऱ्यांना विचारावं. अठरा फुटी द्विपाद प्राणी घडवता येईल, पण तो वानर राहणार नाही.

पोटाचा प्रश्न

हाडांचा हिशोब लोकांना पटकन आवडतो. माझ्या मते खरा अडसर पोटाचा आहे.

प्राण्याचं वजन वाढतं त्या प्रमाणात त्याची भूक वाढत नाही, जरा कमी वाढते. वजनाच्या पाऊण घाताने, असा मॅक्स क्लायबर यांचा १९३२ चा नियम आहे. या सवलतीनंतरही सव्वादोन टनांच्या शरीराला नुसतं जिवंत राहायला दिवसाला सुमारे २३,००० किलोकॅलरी लागतात. हालचाल धरली तर दुप्पट. साडेपाच टनांच्या गोरिला-बांध्याला नुसतं पडून राहायलाच ४४,०००. हत्ती ही भूक दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खाऊन भागवतो आणि त्यासाठी दिवसाचा बराचसा वेळ खातच असतो. मकालू बेस कॅम्पच्या उंचीवर काय आहे? थोडं गवत, शेवाळ, दगडफूल, भरल ही जंगली मेंढी आणि पायका हा सशाचा छोटा नातलग. झाडांची रेषा खूप खाली राहिलेली.

त्यातून प्राणी एकटा असून भागत नाही. वंश चालायचा तर निदान ५० प्रौढ तरी हवेत, असा संवर्धनाच्या क्षेत्रात जुना ठोकताळा आहे, आणि तोही जवळच्या काळापुरता. पन्नास हत्तींएवढी भूक हिमालयाच्या उघड्या माथ्यावर फिरत असेल तर ठसे शोधत बसायची गरजच नाही. शेणाचे ढीग दिसतील. मेंढपाळ, याकवाले, सैनिक आणि ट्रेकिंगला जाणारे अर्धे ठाणेकर या सगळ्यांच्या नजरेतून ते सुटणं कठीण. (फलकात शेण लिहायचं का, यावर थोडी चर्चा झाली. मंडपात नको, असं ठरलं.)

थंडीचा मुद्दा सचिवांनीच काढला, आणि तो बिनबुडाचा नव्हता. थंड प्रदेशात प्राणी मोठे होतात ना? होतात. १८४७ सालचा बर्गमनचा नियम तोच सांगतो: मोठ्या शरीराला वजनाच्या मानाने कातडी कमी, म्हणून उष्णता कमी निसटते. पण हा फरक एकाच जातीच्या किंवा जवळच्या जातींच्या प्राण्यांतला, थोडक्या प्रमाणातला आहे. थंडी वाघाला थोडा मोठा करते, वाघाचा हत्ती करत नाही. आणि थंडीत अन्न आटतं त्याचं काय? अस्वलं झोपून हिवाळा काढतात. मोठ्या वानरांपैकी एकालाही ती कला येत नाही. म्हणजे बर्फाळ माथा हे हिममानवाचं घर असूच शकत नाही. असलाच तर तो खाली, २,००० ते ३,५०० मीटरच्या दाट जंगलात हवा, आणि बर्फावर फक्त खिंड ओलांडायला आलेला.

जबडा काय सांगतो

ठसा गेला, पोट भरेना. मग उरतो तो खरोखर होऊन गेलेला महावानर. १९३५ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ राल्फ फोन कोनिग्सवाल्ड यांना हाँगकाँगच्या एका औषधी दुकानात 'ड्रॅगनचे दात' म्हणून विकायला ठेवलेली एक प्रचंड दाढ मिळाली. तो प्राणी म्हणजे जायगँटोपिथेकस ब्लॅकी. तेव्हापासून दक्षिण चीन आणि आसपासच्या गुहांमधून त्याचे चार खालचे जबडे आणि दोनेक हजार दात हाती लागले आहेत. हात-पाय, कंबर, कवटी यांतलं काही नाही. तीन मीटर उंची आणि २०० ते ३०० किलो वजन हे जे आकडे सगळीकडे दिसतात, ते दात-जबड्यावरून बांधलेले अंदाज आहेत. काहींनी तर पाचशे किलोंच्याही पुढे उडी मारली आहे. तंतुमय पाला चावणाऱ्याचा जबडा शरीराच्या मानाने थोराड असतो, म्हणून या अंदाजांत मी नेहमी खालच्या टोकाकडे झुकते.

आपल्याकडचाही एक आहे, आणि तो फलकावर हवाच असा माझा हट्ट होता. हिमाचल प्रदेशात बिलासपूर जिल्ह्यातल्या हरितल्यांगरला १९६८ मध्ये एका महावानराचा खालचा जबडा सापडला, ८० ते ९० लाख वर्षांपूर्वीचा. आज त्याला इंडोपिथेकस म्हणतात. चिनी नातलगापेक्षा तो लहान होता. हिमालयाच्या पायथ्याशी मोठा वानर राहून गेला, एवढं तरी दंतकथेत नसून दगडात आहे.

२०१९ मध्ये सुमारे १९ लाख वर्षं जुन्या दाढेच्या एनॅमलमधली प्रथिनं तपासली गेली आणि जायगँटोपिथेकस हा ओरँगउटानचा नातलग ठरला. त्यामुळे तो आपल्यासारखा ताठ चालत असेल, ही कल्पना बरीच लंगडी पडते. बहुधा तो चार पायांवर वावरणारा, बसून पाला ओरबाडणारा प्राणी होता. तीन मीटर म्हणजे कधीमधी ताठ उभा राहिला तर. २०२४ च्या संशोधनानुसार तो २ लाख ९५ हजार ते २ लाख १५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात संपला. हवामान ऋतूंप्रमाणे जास्त बदलू लागलं, जंगल विरळ झालं, आवडती फळं मिळेनात, आणि हा साल-फांद्यांवर दिवस काढत राहिला. त्याच जंगलातल्या ओरँगउटानने आहार बदलला आणि तो तगला. एवढा मोठा वानर तुलनेने हिरव्या, उबदार जंगलातसुद्धा टिकला नाही, हे बर्फातल्या अठरा फुट्याची वकिली करणाऱ्याने आधी पचवावं.

दोन मापं अजून घेतली. गोरिलाचा नर ताठ उभा राहिला तर पावणेसहा-सहा फुटांच्या आसपास, वजन दीडशे ते दोनशे किलो. आणि रॉबर्ट वॅडलो, नोंदलेला सगळ्यात उंच माणूस, २.७२ मीटर, म्हणजे ८ फूट ११ इंच, वजन दोनशे किलोंच्या घरात. त्याला चालायला पायाला लोखंडी आधार लागत. अशाच आधारामुळे घोट्याला फोड आला, त्यात जंतुसंसर्ग झाला आणि १९४० मध्ये वयाच्या २२ व्या वर्षी तो गेला. इथेही शेवटी घोटाच!

आणि ज्या वस्तू हिममानवाच्या म्हणून जपल्या गेल्या, त्यांची २०१७ मध्ये डीएनए तपासणी झाली. नऊ नमुने होते. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा.

ठरलं ते

माझं मत मी लेखी दिलं. दोन पायांवर नेहमी चालणारा, वानर म्हणता येईल असा, डोंगरी जंगलात पोट भरणारा प्राणी: कमाल नऊ फूट, साडेतीनशे-चारशे किलो, आणि तोही आखूड जाड पायांचा, रुंद कमरेचा, संथ. चार पायांवर वावरणारा असेल तर पाचशे किलोंपर्यंत जाऊ शकेल आणि उठून उभा राहिला तर दहा फूट दिसेल, अलास्कातल्या कोडियाक अस्वलासारखा. याच्या वर मी जाणार नाही. हा माझा अंदाज आहे, सापडलेल्या हाडांचं माप नव्हे. फलकावर तसंच लिहायचं, ही माझी अट.

सचिव कुरकुरले. नऊ फुटी बघायला कोण येणार? समोरच्या मंडळाचा रावण पंधरा फुटांचा होता. तोडगा विज्ञानाने निघाला असं सांगायला मला आवडलं असतं, पण तो मंडळाच्या सगळ्यात जुन्या सभासदांनी काढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपला बाप्पा अकरा फुटांचा. त्याच्या डोक्यावर माकडाचं डोकं? नको." विषय तिथेच मिटला.

कारागिराने नऊ फुटांचा, किंचित वाकलेला हिममानव केला. पाय जाड, हात गुडघ्याखाली आलेले. शेजारी बांबूचा उंच खांब उभा करून त्यावर रंगाने खुणा केल्या: गोरिला, वॅडलो, जायगँटोपिथेकस, आणि मंडपाच्या छताजवळ 'ठशाप्रमाणे' अशी एक लाल खूण. जमिनीवर ३२ बाय १५ इंचांचा ठसा आखला. लोकांनी त्यात पाय ठेवून फोटो काढले, आणि खांबाशी जितके वाद झाले तितके मूर्तीपाशी झाले नाहीत. खजिनदारांनी अठराचे नऊ झाले म्हणून माल आठवा हिस्सा लागेल असा हिशोब धरला होता. बिल निम्म्याच्या आसपास आलं. कारागिराचं म्हणणं, मजुरी घनफळाने मोजत नाहीत.

गौरी आल्या त्या संध्याकाळी एका शाळकरी मुलीने खांब वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "याची आई केवढी?" फलकावर उत्तर नव्हतं, आणि प्रश्न अगदी योग्य होता. गोरिलाची मादी वजनाने नराच्या निम्मी असते, ओरँगउटानची तशीच. वजन निम्मं म्हणजे उंची साधारण पाचवा हिस्सा कमी. ठसा, फोटो, दंतकथा या सगळ्यांत मोजला जातो तो सगळ्यात मोठा नर. जातीचं सरासरी माप त्याच्या बरंच खाली असतं. पोरांनी स्केचपेनने फलकाच्या तळाशी ओळ घातली: 'मादी: सव्वासात फुटांच्या आसपास, वजन दोनशे किलोंपर्यंत.' शिप्टनच्या ठशाने दिलेली उंची हीच होती, हे कोणाच्या तरी लक्षात आलं आणि खांबापाशी नवा वाद सुरू झाला.